संपादक विकले गेलेत, तर मग भांडतंय कोण?

‘आंतरराष्ट्रीय जर्नलांचं (म्हणजे संशोधनाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांचं) काळं सत्य’ असा एक मेसेज सध्या नाशिकमधल्या पीएचडीवाल्यांच्या ग्रुपांतून फिरतोय. काल तो माझ्या भाचीने मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, मग पेपर यांच्याकडेच देऊ का?” ती इथल्याच एका कॉलेजात शिकवते. गाइड मागे लागलेत, त्यामुळे तिची घालमेल कळते. मेसेज लिहिणाऱ्याचा मात्र संताप येतो.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशी प्रकाशक सत्य दाबतात, संपादक त्यांचे पगारी हस्तक आहेत, केंब्रिजने चीनच्या दबावाखाली ३१५ लेख कायमचे नष्ट केले, आपल्याकडे असलं काही होत नाही, आणि पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांनी लेख तपासणं, ही सेन्सॉरशिपच. म्हणून पेपर आमच्या जर्नलकडे द्या, आणि सगळ्यात खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. त्याच्याकडे येतोच.

केंब्रिजचं अर्धं खरं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने चीनच्या अभ्यासाला वाहिलेल्या ‘द चायना क्वार्टर्ली’ या आपल्या जर्नलमधले ३१५ लेख आणि परीक्षणं चीनमधल्या वाचकांसाठी बंद केली. तिआनानमेन, तिबेट, तैवान, सांस्कृतिक क्रांती हे त्यातले विषय. पण नष्ट काहीच झालं नाही, चीनबाहेर ते सगळं वाचता येत होतं. संपादक टिम प्रिंगल यांनी जाहीर नाराजी दाखवली, अभ्यासक खवळले आणि काही दिवसांतच प्रेसला लेख पुन्हा खुले करावे लागले. मेसेजवाल्याला आकडा बरोबर सापडला, त्याच बातमीचा शेवट तेवढा सापडला नाही. त्याच वर्षी स्प्रिंगर नेचर या बड्या व्यापारी कंपनीनेही चीनमध्ये लेख अडवले आणि वर ‘आमच्या एकूण लेखांच्या एक टक्क्याहून कमी’ अशी सारवासारव केली. खरं तर हे उदाहरण त्याला जास्त सोयीचं होतं!

आता संपादक हस्तक असल्याचा आरोप. या जर्नलांचे बहुतेक संपादक विद्यापीठात नोकरी करणारे प्राध्यापक असतात आणि हे काम फुकट किंवा नाममात्र मानधनावर करतात. ‘प्रोमिथियस’ या जर्नलचं प्रकरण बघा. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या चार प्राध्यापकांनी लेख लिहिला, तोही जर्नल छापणाऱ्या कंपन्यांच्या अफाट नफ्यावर. प्रोमिथियसचे प्रकाशक टेलर अँड फ्रान्सिस. त्यांनी अंक कित्येक महिने अडवला, लेखाला कात्री लावायला सांगितलं. संपादक मंडळाने राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा कुठे २०१४ मध्ये अंक निघाला, आणि त्यातही प्रकाशकाने हात झटकणारी टीप जोडलीच. हस्तक असे वागतात का? ही भानगड आपल्याला कळली तीच मुळात संपादक भांडले म्हणून.

प्रकाशकाच्या हातात ताकद असते, हे नाइलाजाने मान्य करतो. बऱ्याचदा जर्नलचं नाव त्याच्या मालकीचं, वेबसाइट त्याची, तिजोरीही त्याचीच. ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या जर्नलचे संपादक २०१५ मध्ये प्रकाशक कंपनी एल्सव्हिअरशी भांडून बाहेर पडले (भांडण दराचं आणि खुल्या वाचनाचं होतं, सेन्सॉरशिपचं नव्हे), तर त्यांना ‘ग्लोसा’ नावाने नवं जर्नल काढावं लागलं. जुनं नाव कंपनीकडेच राहिलं.

‘आपल्याकडे असलं होत नाही’? मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे संपादक परंजॉय गुहा ठाकुरता यांनी जुलै २०१७ मध्ये राजीनामा दिला. अदानी समूहावरच्या लेखावरून वकिलाची नोटीस आली होती आणि विश्वस्तांनी लेख उतरवायला सांगितलं होतं. तिथे तर व्यापारी प्रकाशकही नव्हता, ट्रस्ट होता. पुढे.

खरी मेख पीअर रिव्ह्यूत आहे. मेसेज म्हणतो, ‘आमच्याकडे सेन्सॉरशिप नाही, ७२ तासांत पेपर प्रसिद्ध, सोबत सर्टिफिकेट.’ त्या सर्टिफिकेटचा नमुनाही मेसेजला जोडलाय. सोनेरी किनार, दोन सह्या, नावाची जागा रिकामी. बारशाच्या पत्रिकेसारखं दिसतं. विषयातल्या माणसाने लेख वाचून ‘तुमचा नमुना अपुरा आहे, निष्कर्ष निघत नाही’ म्हणणं ही सेन्सॉरशिप नाही. छापायला तयार असलेला, तपासून झालेला लेख मालकाला किंवा सरकारला झोंबतो म्हणून अडवणं, ती सेन्सॉरशिप. तपासणीच काढून टाकली की काय होतं, ते ‘सायन्स’ या जर्नलने २०१३ मध्ये दाखवलंय. त्यांचे पत्रकार जॉन बोहानन यांनी खोट्या नावाने, खोट्या संस्थेच्या पत्त्यावरून, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला कॅन्सरच्या औषधावरचा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत बड्या कंपन्यांच्या छत्राखालची जर्नलंही होती, हे लपवत नाही. पण त्यात भारतातल्या जर्नलांचा भरणा मोठा होता, आणि हा क्यूआर कोड त्याच जातकुळीतला.

भाचीला रात्रीच फोन केला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम असेल तर तो गाइडकडून लेखी घे, असं तिला सांगितलं. आणि एक, या क्यूआर कोडवाल्यांकडे एकदा पेपर छापला गेला की तोच पेपर चांगलं जर्नल घेत नाही. दोन वर्षं गावोगाव फिरून भरून आणलेल्या तिच्या प्रश्नावल्या त्या सोनेरी किनारीखाली गाडल्या जातील. तिने अजून पैसे भरलेले नाहीत. तिच्या दोन मैत्रिणींनी भरलेत.