पाचाचा एक करा आणि निवांत झोपा

भाऊ, जळगावच्या एमआयडीसीत तुमची दाल मिल आहे, वेबसाइट आहे आणि होस्टिंगसोबत मिळालेला ‘इन्फो’वाला ईमेल आहे. त्यात सकाळी सकाळी बिटकॉइनवाले, ‘साइट गुगलच्या पहिल्या पानावर आणतो’वाले आणि बेवारस मेलेल्या परदेशी शेठचे वकील येऊन बसतात. उपाय सोपा आहे. सी-पॅनेल, म्हणजे होस्टिंगची सगळी बटणं असलेलं पान, उघडा. स्वतः कशाला, पुतण्याला बसवा. त्याला बारावीला कॉम्प्युटर होतं.

‘स्पॅम फिल्टर्स’वर गेलात की आत स्पॅमअसॅसिन नावाची गाळणी आहे. ती प्रत्येक मेलला गुण देते. विषय सगळा कॅपिटलमध्ये? घ्या गुण. मजकूर नाही, नुसतं चित्र? घ्या गुण. पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत? आणखी घ्या. बेरीज ५ झाली की स्पॅमचा शिक्का. हा ५ चा आकडा कुणातरी भिडस्त माणसाने ठेवलेला दिसतो. तुम्ही १ करा. आकडा जितका लहान, तितकी तपासणी कडक. इंदूरचा तुमचा जुना व्यापारी विषयात ‘अर्जंट रेट प्लीज’ एवढंच मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहितो, खाली एक शब्द न लिहिता पीडीएफ डकवतो. असली माणसं पहिल्याच फटक्यात सापडतील.

शिक्का बसलेले मेल ‘स्पॅम बॉक्स’मध्ये वेगळे ठेवायची सोय आहे. तिच्या नादी लागू नका, बॉक्स असला की उघडून बघावा लागतो. सरळ ‘ऑटो-डिलीट’ चालू करा. सॉर्टेक्सने, म्हणजे डाळ निवडणाऱ्या यंत्राने, बाजूला फेकलेल्या तुरीत तुम्ही दर तासाला हात घालता, मूठभर उचलून तळहातावर पसरता, चांगला दाणा गेला की ऑपरेटरवर ओरडता. ते बरोबरच आहे, तूर पैशाची असते. मेलमध्ये काय, नुसती ऑर्डर असते.

आता व्हाइटलिस्ट, म्हणजे ज्यांना विनातपास आत सोडायचं त्यांची यादी. इंदूरवाल्याचा पत्ता तिथे टाकला असता तर त्याचे मेल वाचले असते, पण एकेक पत्ता टाइप करायला वेळ कोणाला आहे? तिथे स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला ‘@’ नंतरचा भाग, टाका, त्याच्या आधी चांदणी (*) लावून, म्हणजे आपले सगळेच पत्ते आले. घरच्या माणसाला दारात कशाला अडवायचं? मेलवर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचंही नाव घालता येतं, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं. एके दिवशी दिवाणजींना खुद्द तुमच्याच पत्त्यावरून मेल येईल: ‘पार्टीचं खातं बदललंय, पैसे या नव्या खात्यात टाका.’ दिवाणजी आज्ञाधारक आहेत.

यावर एसपीएफ म्हणून इलाज आहे. आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा, ते डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, लिहून ठेवायचं. नोंद एकच चालते. पण एक होस्टिंगवाल्याने केलेली असते, दुसरी पुतण्याने यूट्यूब बघून, आणि दोन झाल्या की तपासणाऱ्याच्या लेखी दोन्ही बाद. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (तपासात नापास झालेल्या मेलचं काय करायचं, तो नियम) ही नावं निघाली की चहा मागवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, पण ते त्यांचं झालं. तुमचं कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये पडलं तर फोनवर म्हणा, ‘काय भो, मेल भेटला नाही का?’

‘डिफॉल्ट अॅड्रेस’ मात्र उघडाच ठेवा. डोमेनच्या आधी कोणी काहीही टाइप केलं तरी मेल तुमच्याकडे आलाच पाहिजे, गिऱ्हाईक कशाला सोडायचं? स्पॅमवाले अॅडमिन, सेल्स, अकाउंट्स, राहुल, प्रिया अशी अंदाजाने नावं लावून पाठवत बसतात, त्यांचीही सोय होते. नसलेल्या पत्त्यावरचा मेल एरर देऊन परत पाठवता येतो, म्हणजे ज्याचं स्पेलिंग चुकलं त्याला निदान कळतं तरी. त्याखालीच गुपचूप फेकून द्यायचा पर्याय आहे आणि त्याच्यापुढे पॅनेलनेच ‘शिफारस नाही’ असं लिहिलंय. उघडं ठेवायचा कधी कंटाळा आला तर तोच घ्या, पॅनेलला आपला धंदा काय माहीत!

शेवटचं एक काम. होस्टिंगच्या खात्यात संपर्कासाठी ईमेल विचारतात, तिथेही हाच ‘इन्फो’ द्या. मुदत संपत आली की नूतनीकरणाची आठवण त्याच पत्त्यावर येईल: विषय कॅपिटलमध्ये, आत लाल बटण, वर ‘शेवटची संधी’. एक गुणाची गाळणी तिला हा हा म्हणता उडवेल. मग दुसरी आठवण, तिसरी. त्यानंतर तुमच्या डब्यात स्पॅमचा एक मेल आला तर सांगा.