रक्तदान करा, पण नावानिशी

बढती मिळाली, फ्लॅटचे हप्ते फिटत आले, मुलगा एकदाचा इंजिनिअरिंगला लागला, आणि तरी रविवारी दुपारी जेवून आडवं झाल्यावर आत काहीतरी पोकळ वाटतं. ही ॲसिडिटी नव्हे. तुम्हाला आयुष्याचा अर्थ हवाय, आणि तो दुसऱ्यासाठी काही करण्यात असतो असं तुमच्या कानावर आलंय. असेलही. पण दुसऱ्यासाठी काही करायला निघण्याआधी त्यात आपल्या वाट्याला काय येतं ते पाहून घ्यावं. समाजसेवेत भल्याभल्यांची फसगत झाली आहे, आणि सगळ्यात मोठी फसगत होते ती रक्तदानात.

प्रकार कसा असतो पाहा. तुम्ही फॉर्म भरता. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर निघतं, वजन ४५ किलोच्या पुढे असतंच (कितीच्या पुढे ते आपल्यात राहू द्या), आणि दहा-पंधरा मिनिटांत ३५० मिलिलिटर रक्त पिशवीत जमा होतं. इथवर सगळं ठीक. पण पिशवीवर तुमचं नाव कुठेच नसतं! असतो तो एक नंबर आणि रक्तगट. पुढे एचआयव्ही, दोन प्रकारच्या कावीळी, गुप्तरोग आणि मलेरिया अशा पाच तपासण्या होतात आणि रक्ताचे भाग वेगळे केले जातात. तांबड्या पेशी बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एखाद्या बाईला, प्लेटलेट डेंगीच्या रुग्णाला, प्लाझ्मा भाजलेल्या एखाद्याला. एका बैठकीत तीन माणसं उपकृत, आणि तिघांपैकी एकाकडेही तुमचा मोबाइल नंबर नाही. असल्या कारभारातून माणसाला अर्थ कसा सापडावा?

उपाय आहेत. पहिला उपाय फोटोचा. सुई टोचली जाताना तोंड वाकडं होतं, तेव्हा तो क्षण जाऊ द्यावा. हातात चेंडू येऊन तो दाबायला लागलात की मग हसावं. दुसऱ्या हाताचा अंगठा वर. मागे बॅनरवरचं नाव अर्धं कापलं गेलं तर शिबिर भरवणाऱ्याचा जीव दुखावतो, म्हणून फोटो काढणाऱ्याला दोन पावलं मागे जायला सांगा.

शिबिरही पारखून निवडा. रक्तपेढीत एकट्यानं जाऊन रक्त देणं म्हणजे रिकाम्या सभागृहात भाषण करणं. भाऊंच्या नाहीतर दादांच्या वाढदिवसाचं शिबिर उत्तम. तिथे मांडव असतो, स्पीकर असतो आणि मुख्य म्हणजे भेटवस्तू असते. रक्ताच्या बदल्यात आमिष दाखवू नये असा नियम आहे, पण ट्रॅव्हल बॅग हे आमिष नसून ‘प्रेमाची आठवण’ असते. हेल्मेट मिळालं तर त्याहून चांगलं. हेल्मेटमुळे डोकं वाचतं, डोकं वाचलं की रक्त लागत नाही, म्हणजे एकाच फेरीत दोनदा समाजसेवा.

अशा शिबिरात एका दिवसात पिशव्यांचा विक्रम होतो. प्लेटलेट पाच दिवस टिकतात आणि तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस, अशी कुरकुर काही तज्ज्ञ करतात. म्हणून शिबिरं वर्षभर विभागून घ्या, असं आवाहन सरकारी यंत्रणेला करावं लागतं. यात वाढदिवसाचा काय दोष? तो एकाच तारखेला येतो. रुग्णांनीच जरा नियोजन करून त्या आठवड्यात आजारी पडावं.

मे महिन्यात मात्र सांभाळून. कॉलेजं बंद, माणसं गावी, शिबिरं थंडावलेली. थॅलेसेमियाच्या मुलांना तेव्हाही दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांच्या आजाराला उन्हाळ्याची सुट्टी नसते. रक्तपेढीचा फोन तुम्हाला येतो तो याच दिवसांत. अनोळखी नंबर दिसला की कर्जवाल्यांचा समजून उचलू नका. गेलातच तर काय मिळेल? एक खाट, ‘दादा, मूठ आवळा’ म्हणणारी तंत्रज्ञ, बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र. टाळ्या वाजवायला कोणीही नाही.

त्याऐवजी शतकाकडे लक्ष ठेवा. पुरुषाला तीन महिन्यांनी रक्त देता येतं. अठराव्या वर्षी सुरुवात केली आणि एकही खेप चुकवली नाही, तर त्रेचाळिशीत ‘शतकवीर रक्तदाता’ म्हणून शाल-श्रीफळ पक्कं. बायकांना मध्ये चार महिने थांबावं लागतं, त्यांचं शतक पन्नाशी ओलांडल्यावर. शिवाय हिमोग्लोबिन कमी म्हणून त्यांतल्या कितीतरी जणींना टेबलावरूनच परत पाठवतात. लोहाच्या गोळ्या आणि पालेभाजी खाऊन चार महिन्यांनी पुन्हा रांगेत उभी राहणारी बाई असते. पुन्हा ११.८ निघतं, पुन्हा परत. तिच्या नावावर काय जमा होतं? शून्य. या बाईच्या नादी लागू नका. ती सत्काराचा मुद्दाच विसरली आहे.

तसेच ते बॉम्बे रक्तगटवाले. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि या लोकांना दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही. कुठल्या तरी शहरात कुणीतरी अडलेलं असतं, रात्री फोन येतो, माणूस उठून रक्त देऊन येतो आणि सकाळी कामावर हजर. इतकं दुर्मीळ रक्त अंगात असून चौकात साधा फ्लेक्स नाही! याला करंटेपणा म्हणतात.

पूर्वीच्या काळी रक्त विकणारेही असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून तो धंदा बंद झाला. त्या माणसांना अर्थबिर्थ नको असायचा, त्या दिवसाचं जेवण हवं असायचं. आता पैसे घेता येत नाहीत, फक्त कौतुक घेता येतं, आणि त्यावर अजून कोणी बंदी आणलेली नाही.

एवढं करूनही कधी एखादा नातेवाईक तुमचा पत्ता शोधत पेढे घेऊन दारात येईल. त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही बदली रक्त दिलेलं असतं. तेव्हा एक गोष्ट बोलू नका: तुमची पिशवी रक्तपेढीच्या साठ्यात गेली होती, आणि वडिलांना चढलं ते आधीच तपासून ठेवलेलं भलत्याच कुणाचं तरी रक्त. तो कोण, हे रक्तपेढी सांगणार नाही, आणि त्यालाही कुणी कळवलेलं नाही. तो विचारायलाही आलेला नाही. तेव्हा पेढे खुशाल घ्या, आणि फोटो काढताना बॉक्सचं झाकण उघडं ठेवा.