'सात ओसाड बेटं' आणि मुंबई तुंबण्याचं खापर

पावसाळा आला की हा मजकूर फिरायला लागतो: 'मुंबई म्हणजे सात ओसाड बेटं. पोर्तुगीजांनी ती १६६१ मध्ये इंग्रजांना हुंड्यात दिली. हॉर्नबीनं १७८४ मध्ये बांध घालून ती जोडली. समुद्र बुजवला, म्हणून मुंबई तुंबते.'

'ओसाड' हा शब्द आधी खोडा. सूफी संत मखदूम अली माहिमी १४३१ मध्ये वारले. त्यांचा दर्गा माहीमलाच आहे. वाळकेश्वरचं देऊळ शिलाहार राजांच्या काळातलं. कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू ही मंडळी भातशेती, मासेमारी, ताडमाडांच्या वाड्या सांभाळून होती.

हुंड्याचं म्हणाल तर इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात 'मुंबई बंदर आणि बेट' असं एकवचन आहे. सात बेटांची यादी नाही, आणि भांडणाचं मूळ तेच. पोर्तुगीज व्हाइसरॉयनं शक्य तितकी टाळाटाळ केली. फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांच्या हम्फ्री कुकच्या हाती दिलं ते फक्त मुंबई बेट. माहीम आमचंच, असं पोर्तुगीज म्हणत राहिले. कुकनं ते नंतर जबरदस्तीनं घेतलं. कुलाबा त्याहून उशिरा आला. साष्टी, म्हणजे उत्तरेचं मोठं बेट, आजची उपनगरं, तर पोर्तुगीजांकडेच राहिली आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकली.

एका बांधानं सात बेटं जोडली, हे तर नकाशा समोर ठेवला तरी पटू नये. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर हॉर्नबी याचा बांध महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधलं खिंडार बुजवतो. आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच रेषेवर आहे. त्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट भायखळ्याच्या सखल भागापर्यंत शिरायचं. बांधानं पाणी अडलं, जमीन वर आली नाही. मधलं खाजण, म्हणजे भरतीची दलदल, माती आणि शहराचा कचरा टाकून भरायला पुढची कित्येक दशकं गेली. कुलाब्याचा रस्ता १८३८ चा, माहीमचा १८४५ चा. शिवाय बेटांमधल्या बऱ्याच खाड्या ओहोटीला उथळ, चिखलाच्या असत. आपण कल्पना करतो तसा सातांच्या मध्ये खोल समुद्र नव्हता.

राहिला तुंबण्याचा मुद्दा. यात तथ्य आहे, पण अर्धंच. शहरातल्या नाल्यांची समुद्राकडची बरीच तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती असली की झडपा बंद कराव्या लागतात, नाहीतर समुद्रच उलटा नाल्यात शिरतो. तेवढा वेळ पावसाचं पाणी आतच साठतं. जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची. त्याहून जास्त पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की दादरजवळच्या हिंदमातासारखी खोलगट जागा भरते. हाजी अली, लव्हग्रोव्हची उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं यासाठीच. हिंदमाताचं पाणी आता भूमिगत टाक्यांत धरून ओहोटीला सोडतात.

पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. सर्वात वाईट बुडाले ते कुर्ला, कालिना, मिठी नदीचा काठ. हे सगळं साष्टीत, त्या सात बेटांच्या बाहेर. तिथे हॉर्नबीचा काय संबंध? मिठीचं पात्र विमानतळापाशी वळवून आवळलं, मुखाजवळच्या खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं, ते विसाव्या शतकात, आणि तेही आपल्याच नियोजनकारांनी.