नियमपुस्तक शेवटी वाचा

ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकूंनी आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्ध गाडी पळवायच्या स्पर्धेला, उतरायचं ठरलंय ना? मग आधी खरेदीला लागा. नियमपुस्तक काय, हरल्यावरही वाचता येतं.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या सोलो (म्हणजे ऑटोक्रॉसच) स्पर्धांत गाडीचा वर्ग तिच्यातल्या फेरफारांवर ठरतो. तळाला स्ट्रीट, वर स्ट्रीट टूरिंग, मग स्ट्रीट प्रिपेअर्ड, असं चढत चढत मॉडिफाइडपर्यंत. मेख अशी की इथे सरासरी कोणी काढत नाही. सगळ्यात आगाऊ सुटा भाग ज्या वर्गात चालतो, त्या वर्गात अख्खी गाडी. एवढ्या स्वस्तात बढती दुसरीकडे कुठे मिळते?

सुरुवात स्प्रिंगपासून करा. स्ट्रीटमध्ये शॉकॲब्सॉर्बर बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटीरोल बार (वळणात गाडीचा कल रोखणारी दांडी) बदलता येतो, ब्रेक पॅड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागचा एक्झॉस्टही. नवख्याला एवढं पुष्कळ होतं, म्हणजेच ते तुमच्या कामाचं नाही. स्प्रिंगला तिथे मनाई आहे. तेव्हा गाडी दोन इंच खाली बसवणाऱ्या स्वस्त स्प्रिंगच घ्या. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असलेल्या) गाडीत कंट्रोल आर्मचं, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आडव्या दांडीचं, आतलं टोक बाहेरच्या टोकाच्या खाली जातं, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतं आणि गाडीला कलंडवणारा तरफेचा हात लांबतो. वळणात शॉक बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) टेकला की त्या चाकाची पकड अचानक जाते. फोटो मात्र झकास येतात.

मग रिम. स्ट्रीटमध्ये व्यास एक इंच कमी-जास्त चालतो, रुंदी मूळचीच हवी. तुम्ही एक इंच रुंद घ्या. फेंडरला घासत नाही म्हणजे नियमात बसतंच.

स्ट्रीटमध्ये टायरवर ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा छापील आकडा) किमान 200 हवा. हा आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे 200 छापलेल्या दोन टायरांच्या पकडीत बरंच अंतर असू शकतं. पण तुलना करत बसण्यापेक्षा सर्किटचे जुने स्लिक (खाचा नसलेले शर्यतीचे टायर) लावा. फेरी जेमतेम मिनिटभराची. ते तापायच्या आत तुम्ही परत रांगेत.

वजनाचंही बघू. स्टेपनी आणि जॅक काढायला स्ट्रीटमध्ये परवानगी आहे, म्हणून ते राहू द्या. मागची सीट काढायला नाही, ती काढा.

आता हिशेब. अनेक क्लब वेगवेगळ्या वर्गांची तुलना करायला प्रत्यक्ष वेळेला वर्गाच्या गुणांकाने गुणतात. समजा तुमच्या वर्गाचा गुणांक 0.80 होता आणि स्प्रिंगमुळे तो 0.82 झाला. 60 सेकंदांची फेरी 48.0 ऐवजी 49.2 धरली जाईल. म्हणजे त्या स्प्रिंगने जवळजवळ दीड सेकंद वाचवला, तर तुम्ही होता तिथेच! शंकूला धक्का लागला तर दोन सेकंद वेगळेच.

कोणी हरकत घेतलीच, तर छाती काढून विचारा, ‘करू नका असं कुठे लिहिलंय?’ कुठेच नसेल. पुस्तक उलट्या बाजूने चालतं: जे करायला लेखी परवानगी नाही, ते बंद. तपासनीस हे शांतपणे सांगतील. त्यानंतर मूळ स्प्रिंग लावून खालच्या वर्गात परतायचा मोह होईल, म्हणून त्या आजच भंगारात घाला.