बंदी अटॅचमेंटवर, मेमो मॅडमना

गेल्या आठवड्यापासून कॉलेजात माझं नाव 'अडवणूक खातं' पडलंय. कॉलेजचं नेटवर्क आणि मेल मी बघतो, आणि मेल गेटवेवर, म्हणजे येणारा प्रत्येक मेल आधी जिथे तपासला जातो तिथे, मी काही प्रकारच्या अटॅचमेंट सरसकट बंद केल्या. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, आयएसओ (या प्रोग्रॅमच्या किंवा प्रोग्रॅम दडवून आणणाऱ्या फाइली), मॅक्रो (फाइलीच्या आत बसवलेला छोटा प्रोग्रॅम) असलेल्या वर्ड-एक्सेल फाइली आणि पासवर्ड लावलेल्या झिप.

स्टाफरूममध्ये एकच सूर. "बंद कशाला करता? लोकांना शिकवा ना, अनोळखी फाइल उघडू नका म्हणून."

हे ऐकलं की माझी सटकते. ॲडमिशनच्या मॅडमचं कामच मुळी अनोळखी माणसांच्या फाइली उघडण्याचं आहे. लातूर, परभणी, चंद्रपूरहून पोरं मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, फीची पावती पाठवत असतात. सीझनला मान वर करायला वेळ नसतो. त्यांना हा सल्ला देणं म्हणजे पोस्टमनला अनोळखी घरी जाऊ नकोस म्हणण्यासारखं आहे.

मी आधी पुण्यातच दुसऱ्या एका कॉलेजात होतो. तिथे अशीच एक 'फी पावती' आली, एक्सेलमध्ये. वर मॅक्रो अडवल्याची पिवळी पट्टी आली आणि तिथल्या मॅडमनी 'एनेबल कंटेंट', म्हणजे 'चालू दे', दाबलं. दाबणारच! ती पट्टी त्यांना रोज दिसायची, कारण कॉलेजची स्वतःचीच पगाराची शीट मॅक्रोवर चालायची. चहा येईपर्यंत शेअर्ड ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद होऊन त्यांची नावं बदलायला लागली होती. ऑफिस, परीक्षा विभाग, लायब्ररी सगळं एकाच नेटवर्कवर, मध्ये भिंत नाही. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरला कायम जोडून ठेवलेल्या हार्डडिस्कवर. तोही गेला.

चौकशी झाली. मेमो मॅडमना मिळाला. नेटवर्क मी बघत होतो, मला कुणी साधं विचारलंही नाही. आणि मीही गप्प बसलो. ते अजून खुपतं.

फाइल नीट बघून उघडा म्हणतात, पण बघायचं काय? मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस आला, तेव्हा फाइलीच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, असं दिसायचं. त्याच्याही पुढचं व्हीबीएस विंडोज लपवायचं. आज इतक्या वर्षांनीही नव्या मशीनवर विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (नावामागची ही शेपटी) लपवूनच ठेवतं. वर्डच्या मॅक्रोवरून पसरणारा मेलिसा व्हायरस १९९९ चा, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला मायक्रोसॉफ्टला २०२२ उजाडलं. मग आमच्या मॅडमनीच काय घोडं मारलंय?

कॉम्प्युटरच्या एका सरांचा राग वेगळाच. पोरांनी सी प्रोग्रॅमच्या ईएक्सई सबमिशन म्हणून पाठवल्या, त्या अडकल्या. मग पोरांनी नाव बदलून टीएक्सटी केलं, तरी अडकल्या. कारण गेटवे नुसतं नाव बघत नाही, फाइलीचे पहिले बाइट बघतो. ईएक्सईच्या सुरुवातीला 'एमझेड' असतं, मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची आद्याक्षरं. (हे पोरांना भलतंच आवडलं.) सरांना म्हटलं, "सोर्स कोड मागवा की, ईएक्सई बघून काय तपासता?" तेव्हापासून ते बोलत नाहीत. जीमेलही ईएक्सई घेत नाही, जेएस तर २०१७ पासून बंद आहे. गूगलवर मात्र कुणी रुसत नाही.

झिपच्या बाबतीत माझं चुकलं, ते कबूल. पासवर्ड असला की स्कॅनरला आतलं दिसत नाही. फसवणारे पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून देतात, म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगलेली. म्हणून बंद केलं. पण आमचे बाहेरचे पेपर सेटर प्रश्नपत्रिका अशाच झिपमधून पाठवतात, हे मी विचारलंच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी नियम लावून घरी गेलो, सोमवारी सकाळी परीक्षा विभागातले भाऊसाहेब दारात उभे. पेपर मंगळवारी होता. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला शब्दन् शब्द रास्त होता. आता पेपर सेटरसाठी वेगळी अपलोडची जागा केली आहे आणि अडकलेली फाइल सोडवायला माझ्या फोनचा एक्स्टेन्शन नंबर नोटीस बोर्डावर लावलाय. दिवसाला सात-आठ फोन येतात. येऊ देत.

गुरुवारी एचओडींच्या मीटिंगमध्ये हा विषय आहे. झिपवर माघार घ्यायला मी तयार आहे. मॅक्रोवर नाही. आणि इथल्या अकाउंट्सची पगाराची शीटही मॅक्रोवरच चालते, ती आधी बदला, हेही तिथेच सांगणार आहे.