फक्त बूट लक्षात ठेवा

परवा आमच्या सोसायटीच्या स्पोर्ट्स क्विझला जाऊन आलो आणि एक गोष्ट पक्की पटली, की भारतीय फुटबॉलचा इतिहास सांगायला भारतीय फुटबॉलची माहिती लागत नाही. असली तर उलट अडचण होते. माझ्या भाचीची झाली. वय वर्षं तेरा. प्रश्न आला, १९५० च्या वर्ल्ड कपला भारत क्वालिफाय होऊनही का गेला नाही? ही बया उठून सांगायला लागली की फेडरेशनला तेव्हा ऑलिंपिकच मोठं वाटायचं, वर्ल्ड कपचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, ब्राझीलपर्यंत बोटीचा प्रवास, शिवाय... तेवढ्यात क्विझ घेणाऱ्या काकांनी हात वर करून तिला थांबवलं. चूक. बरोबर उत्तर, 'बूट नव्हते म्हणून'. टाळ्या. बी विंगच्या पोराला दोन मार्क. मी मागून काही बोलायला उठलो तर मला सांगण्यात आलं, "साहेब, आमच्याकडे आन्सर शीट आहे."

आता आन्सर शीटपुढे कोण बोलणार. तेव्हा ज्यांना पुढेमागे अशी क्विझ घ्यायचीय, १५ ऑगस्टला ग्रुपवर फॉरवर्ड टाकायचाय, किंवा शाळेच्या स्पोर्ट्स डेला प्रमुख पाहुणे म्हणून शाल-नारळ घ्यायचाय, त्यांच्यासाठी या पोळलेल्या माणसाकडून नऊ सूचना. फुकट आहेत, घ्या.

सगळ्यात आधी बूट. बूट सोडायचे नाहीत. फिफा म्हणाली बूट घाला, आपले बाणेदार वीर म्हणाले नाही घालत जा, आणि स्पर्धेवर लाथ मारून परत आले. (परत कसे आले? गेलेच नव्हते ना. असू दे, टाळ्या पडतात.) फक्त ही गोष्ट सांगताना तारखांच्या वाटेला जाऊ नका. कारण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले अकरातले बरेचसे अनवाणी खेळले. १९५२ ला हेलसिंकीलाही आपली बरीच मंडळी अनवाणीच उतरली, त्या थंडीत. म्हणजे ४८ ला चाललं, ५२ ला चाललं, मग मधे ५० सालीच पायांना काय झालं होतं, असं एखादं आगाऊ कार्टं विचारेल. त्याला खाली बसवायचं. आणखी आगाऊ असेल तर म्हणेल की काका, लंडनला त्याच टीममधले काही जण बूट घालून खेळले होते, मग बूट नव्हते कसे? त्याला बाहेर काढायचं. बूट ही काय चंद्रावरून आणायची वस्तू होती का हो? ज्या देशाला टीम लंडनला नेता येते त्या देशाला अकरा जोड बूट मिळत नव्हते, हे आपण पंचाहत्तर वर्षं एकमेकांना सांगतोय आणि वर अभिमानाने सांगतोय! आणि क्वालिफाय कसे झालो होतो तेही जरा सांगा ना लोकांना. बर्मा, इंडोनेशिया, फिलिपीन्स, सगळ्यांनी नाव काढून घेतलं म्हणून, एक मॅच न खेळता. ग्रुपमधे इटली, स्वीडन आणि पराग्वे होते. ब्राझीलवाले प्रवासाचा बराचसा खर्चही करायला तयार होते. तरी फेडरेशन गेलं नाही, कारण जायचंच नव्हतं. शैलेन मन्ना तेव्हाचे आपले मोठे डिफेंडर, ५२ ला कॅप्टन. त्यांनीच नंतर सांगितलंय की वर्ल्ड कपबद्दल आम्हाला फारसं माहीतच नव्हतं, आमच्यासाठी ऑलिंपिकच सगळं काही होतं. जो माणूस टीममधे होता त्याचं ऐकायचं की आन्सर शीटचं? मला नका विचारू, माझा निकाल लागलाय.

असो. चिडायचं नाही ठरवलं होतं.

दुसरं, १९४८ ची मॅच सांगताना इंग्लंडच्या राजाने मन्नांना पाय दाखव म्हटल्याची गोष्ट सांगा. मॅच सांगू नका. फ्रान्सविरुद्ध होती, ३१ जुलैला, इलफर्डच्या मैदानावर, स्वतंत्र झाल्यावरचं आपलं पहिलं ऑलिंपिक. फ्रान्सने आधी गोल केला, सारंगपाणी रामनने बरोबरी केली, आपण दोन पेनल्टी घालवल्या, दोन! आणि मॅच संपता संपता फ्रान्सने दुसरा मारून १-२ ने हरवलं. एखाद्या थरारक सिनेमात बसेल असा हा शेवट, पण त्यात राजा नाही, मग सांगून काय उपयोग. कॅप्टन होते तालिमेरेन आओ, नागा माणूस, मोहन बागानकडून खेळायचे, डॉक्टरकी शिकत होते आणि पुढे खरंच डॉक्टर झाले, शिवाय उद्घाटनाला तिरंगा त्यांच्याच हातात होता. हेही नका सांगू. ईशान्येकडचा माणूस आपल्याला फक्त आयएसएलमधे, म्हणजे आपल्या क्लबांच्या इंडियन सुपर लीगमधे चालतो.

तिसरं. हेलसिंकीचा स्कोअर १०-१ तोंडपाठ ठेवा, हसायला बरा पडतो. समोर युगोस्लाव्हिया होतं, त्यांनी त्या ऑलिंपिकला सिल्व्हर घेतलं, आधीच्या ऑलिंपिकला सिल्व्हर, पुढच्याला सिल्व्हर आणि १९६० ला गोल्ड, पण ते मधे आणायचं नाही. आपला एक गोल अहमद खानचा.

चौथं, दोन बॅनर्जी एकच समजा. ५६ चा कॅप्टन समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी आणि ६० चा कॅप्टन पी. के. बॅनर्जी, एवढा फरक कोण करतंय.

पाचवी सूचना मेलबर्नची, म्हणजे ५६ च्या ऑलिंपिकची, आणि इथे मात्र मला जरा वेळ द्या, कारण क्विझमधे हाही प्रश्न होता. ऑलिंपिक फुटबॉलमधे हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? काकांनी प्रश्न वाचला, कार्डाच्या मागचं उत्तर बघितलं, म्हणाले "हे जरा फारच टफ आहे, स्किप करू", आणि कार्ड खाली ठेवून सचिनची सेंच्युरी विचारली. माझी भाची हात वर करून उभीच. नेव्हिल डिसूझा हो! जन्म गोव्याचा, आसगावचा, पण फुटबॉल मुंबईचा, टाटाकडून खेळलेला, कॅल्टेक्सकडून खेळलेला. १ डिसेंबर १९५६, ऑस्ट्रेलिया त्यांच्याच घरच्या मैदानावर, आपण ४-२ ने जिंकलो आणि चारातले तीन याचे. सेमीफायनलला परत युगोस्लाव्हिया, सेकंड हाफच्या सुरुवातीला परत हाच गोल मारून आपल्याला पुढे नेतो, काही मिनिटं का होईना भारत ऑलिंपिकच्या फायनलच्या वाटेवर होता, नंतर ४-१ झालं ते झालं. त्या ऑलिंपिकला सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत तो बरोबरीने पहिला, चार गोल. आणि तो मुंबईत खेळायचा, आपल्या मुंबईत, जिथे फूटपाथवरच्या पोरालाही मेस्सीच्या बायकोचं नाव माहितीये. टफ आहे म्हणे. टफ!

सहावं, 'सुवर्णकाळ' हा शब्द सढळ हाताने वापरा, खोलात जाऊ नका. नाहीतर सांगावं लागेल की ५६ ला आपण चौथे आलो ते पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही म्हणून पुढे चाल मिळून. त्या देशात तेव्हा उठाव चिरडला जात होता, फुटबॉल कुठला. ब्राँझच्या मॅचला बल्गेरियाने ३-० ने हरवलं. म्हणजे तीन मॅच खेळलो, एक जिंकलो. मी हे कमीपणा दाखवायला म्हणत नाहीये, तेवढंही नंतर कधी जमलं नाही. पण मला खरी चांगली वाटते ती १९६० ची रोमची टीम, जिला एकही मॅच जिंकता आली नाही. हंगेरीकडून १-२, आणि हंगेरीने पुढे ब्राँझ घेतलं. फ्रान्सबरोबर पी. के. ने गोल मारून आपण पुढे होतो, शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी झाली, १-१. पेरूकडून १-३, त्यातला आपला गोल सायमन सुंदरराजचा. हंगेरीविरुद्धचा तुळशीदास बलरामचा. चुनी गोस्वामी त्याच टीममधे, तेच चुनी ज्यांनी नंतर बंगालची क्रिकेट टीम घेऊन रणजी फायनलला आपल्या मुंबईशी पंगा घेतला होता, १९७१-७२ ला. अशा माणसांची टीम ग्रुपमधे शेवटची आली आणि कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. पण 'ग्रुपमधे शेवटचे' हे पोस्टरवर चांगलं दिसत नाही, त्यामुळे तुम्ही आपलं सुवर्णकाळच लिहा.

सातवं. त्या काळचे आपले कोच रहीमसाहेब, त्यांच्यावर सिनेमा आलाय, तो बघितला असं म्हणा.

आठवं. बायकांच्या टीमचं नाव काढू नका, त्या २०२५ ला थायलंडला थायलंडमधे हरवून एशियन कपला क्वालिफाय झाल्या, उगाच विषय चांगल्याकडे जायचा.

नववं आणि फार महत्त्वाचं, १९६० नंतरचं काही सांगायचं नाही. सायमन सुंदरराजच्या त्या गोलानंतर ऑलिंपिक फुटबॉलमधे भारताचा गोल झालेला नाही, कारण भारत गेलेलाच नाही. १९६२ ला जकार्ताला रहीमसाहेबांनी कॅन्सर अंगात घेऊन एशियन गेम्सचं गोल्ड मिळवून दिलं, फायनलला साउथ कोरियाला २-१ हरवून, पुढच्या जूनमधे गेले, आणि त्यांच्यामागे जे थांबलं ते थांबलंच. १९९२ पासून ऑलिंपिकला अंडर-२३ टीम असते. त्या वयोगटाच्या एशियन कपमधून आशियातल्या टीम ऑलिंपिकला जातात, आणि त्या एशियन कपच्या मुख्य फेरीत आपण आजवर एकदाही पोचलो नाही. एकदाही नाही. दाराशीच अडकतो, आत काय मांडलंय ते माहीतच नाही.

आणि कुणी कारण विचारलं तर? काय सांगणार, बूट नव्हते?

सांगा ना. २०१८ च्या एशियन गेम्सला फुटबॉल टीम पाठवलीच नाही, ऑलिंपिक संघटना म्हणाली मेडल मिळण्यासारखी नाही. बूट नव्हते. २०२२ ला फिफाने आपल्या फेडरेशनला सस्पेंड केलं, बूट नव्हते. हांगझोला २०२३ ला आधी नियम दाखवला की आशियात पहिल्या आठात नसाल तर जायचं नाही, मग बोंबाबोंब झाल्यावर सूट दिली, मग क्लब पोरं सोडेनात कारण आयएसएल तोंडावर, मग मिळतील ती पोरं गोळा केली, ती मॅचच्या आदल्या दिवशी चीनमधे उतरली, झोप नाही, प्रॅक्टिस नाही, आणि दुसऱ्या दिवशी यजमान चीनसमोर उभी केली. १-५. सगळ्यांच्या पायात बूट होते हो! ब्रँडेड होते! १९५० ला फेडरेशनला वर्ल्ड कप नको होता, आता मेडलची खात्री नसेल तर खेळच नको, दरवेळी पाठवणाऱ्यांनी पाठवायचं नाही आणि आपण पोरांच्या पायांकडे बघत बसायचं. पंचाहत्तर वर्षांत ज्यांनी खुर्चीत बसून माती केली त्यांच्यावर एक प्रश्न येत नाही क्विझमधे, कारण आपल्याला ती अनवाणी गोष्ट आवडते. गरीब बिचारे, पण स्वाभिमानी. डोळ्यात पाणी येतं. फुकटात येतं.

आता नीटच बोलतो. काका, तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, पण चूक तुमची होती. फॉरवर्ड वाचून प्रश्न काढला तो काढला, एक पोरगी उभं राहून बरोबर सांगत होती तर दोन मिनिटं ऐकून घ्यायला काय जात होतं? ती पुस्तकं काढून वाचते, तुम्ही ग्रुपवर वाचता आणि माइक तुमच्या हातात असतो. आणि बाकीचे सगळे, टाळ्या वाजवणारे, मी धरून, कारण मीही 'जाऊ दे' म्हणून खाली बसलोच, आपल्यातला शेवटचा कोण कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर गेला होता? लोकल लीगची मॅच बघायला? नेव्हिल डिसूझा ज्या शहरात खेळला तिथे त्याचं नाव 'टफ' म्हणून कार्डाखाली दाबलं गेलं आणि कुणाला काही वाटलं नाही. तुमच्या पोरांना रात्री जागून प्रीमियर लीग बघायला देता ना, द्या, पण मग सकाळी १५ ऑगस्टच्या मेसेजमधे भारतीय फुटबॉलचा कळवळा आणू नका, तो खोटा आहे, मला माहितीये, तुम्हालाही माहितीये.

आणि पोरीचे दोन मार्क द्या. हॅटट्रिकच्या प्रश्नाचे दोन धरून चार.