‘सह्यवारा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : बाहुलीच्या मनगटाबद्दल

सह्यवारा,

मुलींच्या खेळण्यांवरच्या माझ्या लेखाबद्दलचं तुमचं म्हणणं नंतर येणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात देतो. मुलींना गुलाबी उपजतच आवडतं, कंपन्या तेच विकतात, लेगो फ्रेंड्सवर (लेगोच्या जोडायच्या विटांची, मुलींसाठी म्हणून काढलेली मालिका) गळा काढणं हे पाश्चात्त्य फॅड आहे, आणि ‘असले उद्योग मूलबाळ नसलेल्यांनाच सुचतात’. हे शेवटचं वाक्य गाळून मुद्दा मांडता आला नसता का? मला मूलबाळ आहे की नाही ही चौकशी लग्नाच्या पंगतीत खपून जाते, इथे नाही. अधिकारच विचारत असाल तर खेळण्यांच्या दुकानाच्या गल्ल्यावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. तुटलेले भाग घेऊन लोक माझ्याकडेच येतात.

एक मान्य. 2012 साली फ्रेंड्स बाजारात आली तेव्हा पहिल्याच वर्षी ब्यूटी शॉपच्या सेटबरोबर ऑलिव्हिया या बाहुलीच्या वर्कशॉपचा सेटही होता, हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. मालिका जोरात खपली हेही खरं. ते मी नाकारलं नव्हतंच.

आता ‘गुलाबीच आवडतं’कडे येतो. गुलाबी रंगाबद्दल माझी तक्रारच नव्हती, लेख पुन्हा वाचा. त्या वर्कशॉपमधली ऑलिव्हिया आणि 1978 पासून चालत आलेला लेगोचा साधा माणूस शेजारी शेजारी ठेवा. साध्या माणसाचं मनगट गोल फिरतं, दोन्ही पाय वेगवेगळे हलतात आणि मांड्यांच्या मागे भोकं असतात, म्हणून तो विटांच्या गुंड्यांवर घट्ट बसतो. ऑलिव्हियाचं मनगट फिरत नाही. पाय हलतात ते दोन्ही एकदम. मागे भोकं नाहीत, त्यामुळे बसवली की नुसती टेकते आणि गाडी जरा तिरकी केली की घरंगळते. पाना दोघांच्याही हातात बसतो, पण मनगट वळवून तो फिरवता येतो एकालाच. कंबर बारीक आणि उंची जास्त करण्याच्या नादात हे सगळं गेलं. मुलगी दोन दिवसांत ती बाजूला ठेवते आणि आपण म्हणतो, हिला बांधकामाची आवडच नाही.

‘कंपन्या तेच विकतात’ हेही अर्धंच. लहान मुलांची तीनचाकी सायकल घ्या. साच्याला लाखांत पैसे लागतात आणि तो एकदाच बनतो. रंग बदलायचा तर शंभर किलो प्लास्टिकच्या दाण्यात दोन-तीन किलो मास्टरबॅच, म्हणजे रंगाचे दाणे, वेगळा टाकायचा, काम झालं. लाल तीनचाकी ताईची झाली की धाकट्या भावाला चालते. गुलाबी, वर फुलांचं स्टिकर लावलेली, बहुतेक घरांत चालत नाही, मग दुसरी विकत आणतात. हे गणित दुकानदाराला पाठ असतं. यात ‘उपजत’ कुठून आलं? 1918 साली अमेरिकेतलं मुलांच्या कपड्यांचं एक व्यापारी मासिक गुलाबी मुलग्यांसाठी आणि निळा मुलींसाठी सुचवत होतं. तेव्हाच्या पोरी काय वेगळ्या उपजल्या होत्या?

‘पाश्चात्त्य फॅड’ला लांबलचक उत्तर देत नाही. किंडर जॉयची निळी-गुलाबी अंडी आपल्याच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टांगलेली असायची, कॅलिफोर्नियात नव्हे.

तुम्ही पालक आहात असं प्रतिक्रियेत दोनदा लिहिलंय, तर पुढच्या खरेदीला एवढं करून बघा. खोक्यावरचं नाव आणि रंग हाताने झाका. फोटोत खेळणं कोणाच्या हातात आहे आणि नुसतं बघत कोण उभंय ते पाहा. मग हलणारे भाग मोजा, आणि तेवढ्याच किमतीच्या निळ्या खोक्यातले मोजा. डॉक्टर सेट असेल तर स्टेथोस्कोपची नळी खरंच पोकळ आहे का ते बघा. शोभेच्या सेटमध्ये ती भरीव असते, काही ऐकू येत नाही.

मोजून झाल्यावर आकडे इथे लिहा, माझ्याविरुद्ध गेले तरी ठेवीन. मूलबाळाची ओळ पुन्हा आली तर मात्र उडवीन.